दहा मिनिटांची चाचणी आणि तिचा पुढचा खर्च

स्मृतिभ्रंशाची प्राथमिक चाचणी करायला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. एक कागद, एक पेन आणि समोर बसून प्रश्न विचारणारा माणूस एवढ्यावर ती भागते. त्यामुळे ती स्वस्त आहे असा सर्वसाधारण समज आहे, आणि कागदापुरते पाहिले तर तो खोटाही नाही. परंतु चाचणीत संशयित ठरलेला माणूस तिथून उठून कुठे जातो, त्याच्यावर पुढे काय खर्च होतो आणि त्या खर्चातून त्याच्या किंवा घरच्यांच्या पदरात नेमके काय पडते, हे धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. सोलापुरातील एका ज्येष्ठ नागरिक संघाने 'स्मृती तपासणी शिबिर' घ्यायचे ठरवले आणि त्याचे अंदाजपत्रक माझ्या नजरेखालून घालायला दिले. मी डॉक्टर नाही, पण नोकरीची सारी वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, एवढाच माझा अधिकार. अंदाजपत्रकात मंडप, खुर्च्या, छपाई, ध्वनिक्षेपक आणि चहा-नाश्ता अशा बाबी होत्या. संशयित ठरणाऱ्यांच्या पुढील तपासणीसाठी मात्र एक रुपयाही धरलेला नव्हता. हा लेख त्या गाळलेल्या बाबीविषयी आहे.

आधी कागदाची किंमत पाहू, कारण तिचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन', म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातली एमएमएसई, ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित चाचणी. मार्शल व सुझन फोलस्टीन हे दांपत्य आणि पॉल मॅकह्यू यांनी ती १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. तारीख-वार-ठिकाण सांगणे, तीन शब्द लक्षात ठेवणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, एक वाक्य लिहिणे, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढणे, असे सगळे मिळून तीस गुण. जगभरचे डॉक्टर पाव शतक तिच्या झेरॉक्स काढत राहिले. २००१ मध्ये तिचे हक्क एका अमेरिकी प्रकाशन कंपनीकडे गेले आणि चाचणीच्या प्रत्येक प्रतीमागे शुल्क सुरू झाले. २०११ मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी 'स्वीट सिक्स्टीन' नावाची सोळा प्रश्नांची मोफत चाचणी उपलब्ध करून दिली, तेव्हा तीही हक्कांच्या वादात सापडून संकेतस्थळावरून उतरवावी लागली. माँट्रियलमध्ये तयार झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मोका' चाचणीने २०१९ पासून तपासनिसांना सशुल्क प्रशिक्षण बंधनकारक केले. याउलट तीन शब्द आणि घड्याळाचे चित्र एवढ्यावर तीन मिनिटांत आटोपणारी 'मिनी-कॉग', फॅमिली डॉक्टरांसाठी ऑस्ट्रेलियात बनवलेली 'जीपीकॉग' आणि वेगवेगळ्या भाषांतून आलेल्या स्थलांतरितांचा विचार करून सिडनीत बनवलेली 'रुडास' या चाचण्या रुग्णसेवेसाठी विनामूल्य वापरता येतात.

मोफत चाचण्या हाताशी असताना पैसे भरून चाचणी का घ्यायची, हा प्रश्न योग्यच आहे, आणि त्याचे उत्तर इंग्लंडपुरते बऱ्यापैकी मिळालेले आहे. शेफील्ड येथील अभ्यासकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका आर्थिक प्रतिमानात फॅमिली डॉक्टरांनी एमएमएसई, 'सिक्स-सीआयटी' ही आणखी एक छोटी चाचणी किंवा जीपीकॉग वापरणे आणि कोणतीही चाचणी न वापरता केवळ आपल्या अंदाजावर निर्णय घेणे, अशा पर्यायांची तुलना केली होती. तिन्ही चाचण्या नुसत्या अंदाजापेक्षा किफायतशीर ठरल्या आणि त्यांत जीपीकॉग सरस ठरली. आमच्या संघातील एका सभासदांनी हाच निष्कर्ष बैठकीत मांडून शिबिराचे समर्थन केले. परंतु ते प्रतिमान दवाखान्यात आलेल्या रुग्णाचे आहे, ध्वनिक्षेपकावरून बोलावलेल्या गर्दीचे नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

तो किती पडतो, हे आकड्यांतच पाहावे. भारतातील वृद्धत्वाच्या देशव्यापी पाहणीला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशविषयक अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत, ग्रामीण भागात आणि शाळेची पायरी न चढलेल्यांत हे प्रमाण अधिक आहे. हाच दर लावून शिबिराला साठीपुढचे १००० जण आले असे धरू. त्यांत ७४ जणांना आजार असेल आणि ९२६ जणांना नसेल. चाचणी शंभर खऱ्या रुग्णांपैकी ८० जणांना पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ८० जणांना निरोगी ठरवते, असे गृहीत धरू. ही चाचणी काही वाईट म्हणता येणार नाही. मग ७४ रुग्णांपैकी ५९ सापडतील, १५ निसटतील आणि ९२६ निरोगी माणसांपैकी १८५ जणांच्या हातात उगाचच 'संशयित' अशी चिठ्ठी पडेल. एकूण चिठ्ठ्या २४४, आणि त्यांत खरा रुग्ण चौघांत एकसुद्धा नाही.

आता रुपये. एका चाचणीचा खर्च, तपासनिसाच्या वेळेसह, १०० रुपये धरला तर हजार जणांचा एक लाख होतो. दुसऱ्या पायरीत मेंदूविकारतज्ज्ञांची फी, ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईडची रक्ततपासणी, मेंदूचा स्कॅन, शिवाय अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून यायचे असेल तर येण्याजाण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, असे सगळे मिळून मी माणशी ६,००० रुपये गृहीत धरले. हा आकडा माझा आहे. कोणी सरकारी रुग्णालयाचे दर लावून तो कमी करावा, खासगी दर लावून वाढवावा, हिशेबाची जात तीच राहते. २४४ जणांचे १४ लाख ६४ हजार होतात आणि चाचणीचा लाख मिळवून १५ लाख ६४ हजार. सापडलेल्या ५९ रुग्णांवर ते वाटले तर एका रुग्णामागे सुमारे २६,५०० रुपये. या रकमेत चाचणीचा वाटा १,७०० रुपयांच्या आसपास आहे. चाचणी पूर्ण फुकट मिळाली तरी बचत तेवढीच; निरोगी माणसांना चुकून संशयित ठरवण्याचे प्रमाण थोडे जरी घटले तरी बचत कितीतरी मोठी. म्हणजे स्वस्त चाचणी कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. चाचणी कोणाची करायची, हा पहिला.

हीच चाचणी, हेच दर आणि हेच १००० लोक ठेवून एकच गोष्ट बदलून पाहू. हे लोक 'विसरायला होतंय' किंवा 'वडील पूर्वीसारखे वागत नाहीत' अशी तक्रार घेऊन स्वतःहून किंवा घरच्यांबरोबर दवाखान्यात आलेले आहेत आणि त्यांच्यापैकी ४०० जणांना खरोखर आजार आहे. आता ३२० रुग्ण सापडतात, १२० जणांना विनाकारण पुढे पाठवले जाते, आणि एका रुग्णामागे खर्च ८,६०० रुपयांच्या आत बसतो. चाचणी तिळभर सुधारलेली नाही. तिच्यासमोर बसलेली माणसे बदलली, एवढेच.

शिबिराबाबत आणखी एक गोष्ट हिशेबात घ्यायला हवी. शिबिराला येतो तो फलक वाचणारा, तारीख लक्षात ठेवणारा आणि स्वतः रिक्षा करून येणारा ज्येष्ठ नागरिक. ज्यांची स्मृती खरोखर ढासळली आहे ते घरी बसलेले असतात, बहुधा कोणाच्या तरी देखरेखीखाली. त्यामुळे मी धरलेला ७.४ टक्के हा दर शिबिराच्या मंडपात कमीच भरेल, आणि वरचा हिशेब त्यामुळे बिघडेल, सुधारणार नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात हा हिशेब आणखी एका कारणाने बिघडतो. तिथे यंत्रमागावर आयुष्य काढलेले पुरुष आणि विड्या वळण्यात आयुष्य काढलेल्या स्त्रिया आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत; घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि अनेकींचे शिक्षण शून्य. संघाने मोठ्या शिबिराआधी एक छोटी रंगीत तालीम घेतली, तेव्हा मी एका कोपऱ्यात बसून पाहत होतो. परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी एका आजींच्या पुढ्यात कागद सरकवून म्हणाली, "आजी, हे चित्र बघून खाली तसंच काढा." आजींनी पेन मुठीत धरले, कागदाकडे पाहिले आणि ते परत ठेवून दिले. "पेन कधी धरलंच नाही बाई. पानं कापण्यात जन्म गेला की माझा." पंचकोनाला शून्य, वाक्य लिहिण्याला शून्य, वाचून कृती करण्याला शून्य. तारीख त्यांना आली नाही, मात्र पौर्णिमा कधी झाली ते त्यांनी बरोबर सांगितले. शंभरातून सात वजा करायला सांगितले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. शेजारी बसलेल्या एका बाईंनी, बहुधा राहवले नाही म्हणून, मध्येच विचारले, "अव्वा, हजार विडीचे कट्टे किती?" पंचवीस विड्यांचा एक कट्टा. उत्तर प्रश्नाच्या आधी आल्यासारखे आले: चाळीस. "आणि दोन कट्टे कारखान्यात नापास केले तर?" "अडतीसचे पैसे. ते बी कापून."

आता या 'चाळीस' वरून आजींची बुद्धी शाबूत आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. आयुष्यभर रोज घोटलेले गणित आजारातही बराच काळ टिकून राहते, आणि जुना जाणता कारागीर नवे काही शिकू शकत नसताना जुने काम हाताने बिनचूक करत राहतो. 'चाळीस' ने सिद्ध होते ते इतकेच, की पंचकोनाच्या शून्याला काही अर्थ नव्हता. शाळेत न गेलेल्या लोकांमध्ये चाचणीची निरोगी माणसाला निरोगी ठरवण्याची क्षमता ८० वरून ६० टक्क्यांवर घसरली असे धरून वरचा हिशेब पुन्हा मांडला, तर १००० जणांमध्ये विनाकारण संशयित ठरणारे १८५ ऐवजी ३७० होतात, सात चिठ्ठ्यांमध्ये एक खरी निघते आणि एका रुग्णामागचा खर्च ४५,००० रुपयांच्या वर जातो. शिक्षणासाठी गुण वाढवून देण्याची सोय काही चाचण्यांत आहे. मोकामध्ये बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यास एक गुण अधिक मिळतो. पण बारावी झालेला कारकून आणि ज्यांनी पेन कधी धरलेच नाही अशा आजी या दोघांनाही एकच गुण वाढवून द्यायचा, हा न्याय कुठला?

यावर काम भारतातच झालेले आहे आणि ते पुरेसे जुने आहे. हरियाणातील बल्लभगड परिसरात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासासाठी एमएमएसईचे हिंदी रूप तयार करताना निरक्षर ग्रामीण वृद्धांना लक्षात घेऊन लेखन-वाचनाचे प्रश्न बदलण्यात आले. ही चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच अभ्यासातून रोजच्या व्यवहारांविषयी घरच्यांना विचारायची एक प्रश्नावलीही आली. दक्षिणेत वेल्लोर आणि चेन्नई येथील संशोधक 'टेन-सिक्स्टीसिक्स' या आंतरराष्ट्रीय गटात सामील होते. जगातील ६६ टक्के रुग्ण गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत असताना दहा टक्क्यांहून कमी संशोधन तिथे होते, या विषमतेवरून त्या गटाने आपले नाव घेतले. त्या गटाने शिक्षणाचा परिणाम कमीत कमी राहील अशी पद्धत शोधली, आणि तिचा गाभा हा की रुग्णाच्या उत्तरांसोबत घरच्या माणसाची मुलाखतही घ्यायची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने विकसित केलेल्या चाचणीसंचाच्या पहिल्या पाच भाषांत हिंदी, बंगाली आणि मल्याळमबरोबर तेलुगू आणि कन्नड आहेत, मराठी नाही. सोलापूरसारख्या तीन भाषांच्या शहरात याचा अर्थ असा, की निम्मी सोय आयती तयार आहे, फक्त ती मराठी माणसासाठी नाही.

भाषेइतकाच कानाचाही प्रश्न आहे, आणि तो सोलापुरात कोणी फारसा काढत नाही. मागांच्या शेडमध्ये तीस-चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला ऐकू कमी येते. त्याला मंडपात, बाजूला ध्वनिक्षेपक सुरू असताना, तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले, तर ते त्याला आठवत नाहीत असे म्हणणे चूक आहे. ते त्याला मुळात ऐकूच आलेले नसतात. गंमत अशी, की बहिरेपण हे स्वतःच स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक मानले जाते. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये अशा चौदा जोखमी मोजल्या, त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य आणि कमी शिक्षणाबरोबर तेही आहे. तपासणीच्या आधी कानातील मळ काढणे आणि श्रवणयंत्र लागते का ते पाहणे, यावर खर्च केलेला रुपया कोणत्याही परिस्थितीत वाया जात नाही. तसे स्मृतीच्या चाचणीविषयी छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ते का म्हणता येत नाही, हे सांगण्यासाठी आरोग्याच्या अर्थशास्त्रातील एक कल्पना घ्यावी लागेल. एखाद्या उपायाने आयुष्य किती वाढले आणि त्या आयुष्याची गुणवत्ता किती सुधारली, यांचा एकत्रित हिशेब 'क्वाली' या एककात करतात, आणि एका क्वालीमागे किती खर्च आला यावर उपाय किफायतशीर की नाही ते ठरते. इंग्लंडमध्ये वीस ते तीस हजार पौंडांची मर्यादा अनेक वर्षे चालत आली. चाचणी स्वतः क्वाली निर्माण करत नाही. ती फक्त माहिती देते, आणि माहितीचे मोल त्यानंतर काय करता येते यावर ठरते. अमेरिकेत इंडियाना राज्यात ४,००५ ज्येष्ठांवर एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काहींची स्मृतीची तपासणी केली, काहींची केली नाही. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या जीवनमानात लक्षणीय फरक आढळला नाही. हानीही आढळली नाही, हे नमूद केले पाहिजे. मात्र संशयित ठरलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी पुढील तपासणीला नकार दिला. आमच्या हजार जणांच्या हिशेबाला हे लावले तर ५९ चे २० उरतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांविषयीच्या कृतिदलाने लक्षणे नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट तपासणी करावी की करू नये हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. ब्रिटनची राष्ट्रीय तपासणी समितीही अशी सरसकट तपासणी सुचवत नाही.

ब्रिटनने दुसरा एक मार्गही चोखाळून पाहिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथील आरोग्यसेवेने स्मृतिभ्रंशाचे निदान वाढवण्यासाठी फॅमिली डॉक्टरांना प्रत्येक निदानामागे ५५ पौंड देण्याची योजना आणली. रुग्णाच्या डोक्यावर बक्षीस लावल्याची टीका झाली आणि योजना पुढच्या मार्चमध्ये संपली. निदानाच्या संख्येलाच फलित मानले की असे होते. आपल्याकडेही शिबिरांचे अहवाल 'इतक्या जणांची तपासणी' या आकड्यावर थांबतात, आणि पुढे त्यांचे काय झाले याचा रकानाच नसतो.

मग लवकर निदान झाल्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो लोक समजतात तिथे नाही. 'बरा होणारा स्मृतिभ्रंश' शोधण्यासाठी तपासणी करावी, असे सांगितले जाते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंद थायरॉईड, नैराश्य, डोक्याला मार लागून मेंदूवर हळूहळू साचलेले रक्त, ही कारणे खरी आहेत आणि शोधायलाच हवीत. शिवाय मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि शाकाहारी असलेल्या आपल्याकडच्या असंख्य वृद्धांत ब-१२ ची कमतरता वारंवार दिसते. परंतु २००३ च्या एका आढाव्यात नऊ टक्के रुग्णांत अशी सुधारण्याजोगी कारणे दिसली, तरी प्रत्यक्षात पूर्ण किंवा अंशतः बरे झालेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघाले. याचा अर्थ या रक्ततपासण्या करू नयेत असा नाही; त्यांच्या जोरावर शिबिराचे गणित सुटत नाही, एवढाच आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय औषधाच्या पिशवीत आहे. सर्दी-खाजेसाठी दिलेली जुन्या पिढीतील क्लोरफेनिरामाइनसारखी गोळी, लघवीच्या घाईसाठीचे ऑक्सिब्युटिनिन, हातापायांच्या थरथरीसाठीचे ट्रायहेक्सीफेनिडिल, वर्षानुवर्षे चिठ्ठी न बदलता चालू राहिलेली झोपेची गोळी. ही सर्व वृद्धांच्या स्मृतीवर व सावधपणावर परिणाम करू शकतात. घरातील सगळी औषधे पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतणे आणि त्यांच्या सल्ल्याने अनावश्यक गोळी कमी करणे, यात खर्च होण्याऐवजी पैसे वाचतात. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरा उपयोग घरच्यांना होतो. गोव्यात 'हेल्पिंग केअरर्स टु केअर' या धर्तीवर ८१ कुटुंबांबरोबर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्थानिक पातळीवर प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आजार समजावून सांगितला, वागणुकीतील बदल कसे हाताळायचे ते दाखवले, आणि काळजी घेणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात सुधारणा दिसली. तिथे ना महागडा स्कॅन होता ना नवे औषध. सासू मुद्दाम छळते असे वाटणाऱ्या सुनेला हा मेंदूचा आजार आहे हे वेळेवर कळणे, पेन्शनच्या खात्याला वारस लावलेला आहे का आणि घराचे कागद कोणाच्या नावावर आहेत हे सही करण्याची समज असेपर्यंत मार्गी लागणे, हे लाभ क्वालीत नीट मावत नाहीत, पण घराला ते चांगलेच कळतात. त्यासाठी मात्र निदानानंतर घरी जाणारा माणूस हवा, आणि अंदाजपत्रकात खर्च त्याच्यासाठी धरायला हवा.

अल्झायमरची नवी प्रतिपिंड औषधे आणि रक्तातून आजाराची खूण शोधणाऱ्या चाचण्या यांचीही चर्चा आता होते. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबची तेथील जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. सोलापूरच्या चर्चेत सध्या तिला जागा नाही.

या सगळ्यावरून संघाला मी जे सुचवले ते फारसे उत्साहवर्धक नव्हते: मोठे शिबिर रद्द करावे, आणि ते पैसे दुसऱ्या पायरीसाठी बाजूला ठेवावेत. रक्तदाब व साखर तपासण्यासाठी ज्येष्ठ मंडळी जिथे नियमित येतात तिथेच, पण फक्त ज्यांच्याबाबत तक्रार आहे अशांचीच, शांत खोलीत, त्यांच्या भाषेत चाचणी व्हावी, आणि सोबत घरचा एक माणूस असावा. तपासणीची सुरुवात त्या माणसापासूनच व्हावी. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एडी-एट' या आठ प्रश्नांच्या चाचणीत नेमके हेच करतात. निर्णयशक्ती, आवडीनिवडी, पैशांचे व्यवहार, तारखा, भेटी अशा बाबतीत गेल्या काही वर्षांत बदल झाला आहे का, हे जवळच्या माणसाला विचारतात, आणि दोन किंवा अधिक बाबींत बदल असेल तर पुढे पाठवतात. इथे माणसाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या रूपाशी होते, त्यामुळे शाळा शिकला की नाही याचा अडसर पुष्कळ कमी होतो. विडीच्या त्या आजींच्या सुनेने सांगितले, की त्या हल्ली आठवड्याची मजुरी घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला जातात. पंचकोनाने जे सांगितले नाही ते या एका वाक्याने सांगितले. अर्थात सांगणाऱ्याचाही कल पाहावा लागतो. सून वैतागलेली असेल तर वाढवून सांगेल, आणि मुलगा बहुधा 'वय झालंय, चालायचंच' म्हणून झाकून टाकेल, म्हणून शक्य तर दोघांनाही विचारावे.

विशेष म्हणजे यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो सरकारी तपासणी अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्या लोकांसाठी एक स्वतंत्र भाग आहे, आणि जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का, असा प्रश्न त्यात आधीपासून आहे. हा प्रश्न फार उशिराचा आहे. घराचा पत्ता विसरणारा माणूस शोधायला चाचणी लागत नाही, शेजारीही सांगतात. आणि ज्याला विसर पडतो त्यालाच 'तुम्ही विसरता का' असे विचारून खरे उत्तर मिळण्याची शक्यताही थोडीच. त्या प्रश्नाखाली घरातील दुसऱ्या माणसासाठी एकच ओळ वाढवता येईल: गेल्या वर्षा-दोन वर्षांत यांचे पैशांचे, स्वयंपाकाचे किंवा कामाचे व्यवहार पूर्वीपेक्षा चुकू लागले आहेत का? छपाईचा खर्च जवळजवळ शून्य, आशाताईंचा वेळ अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटाचे मानधन त्यांना मिळते का, आणि 'हो' असे उत्तर आल्यावर त्या माणसाला ज्या खोलीत पाठवायचे तिथे आठवड्यातून एक दिवस तरी तेलुगू, कन्नड आणि मराठी समजणारा डॉक्टर बसतो का, हे मात्र आधी ठरले पाहिजे. संघाच्या पुढच्या बैठकीत शहरातील दोन डॉक्टरांना बोलावले आहे, आणि विषयपत्रिकेवर एवढ्या दोनच बाबी आहेत.